पहिली वेब सर्व्हिस बांधताना: पावसाच्या एका नोंदीपासून

वेब सर्व्हिस म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला नेटवर्कवरून प्रश्न विचारायचा आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं. मधे माणूस नसतो, त्यामुळे 'समजून घे' म्हणायची सोय नसते. नव्याने शिकणारे बहुतेक जण थेट स्प्रिंग, एक्सप्रेस किंवा फ्लास्क यांसारखी सर्व्हर लिहायची तयार चौकट उघडून बसतात. सर्व्हर चालूही लवकर होतो. पुढे आठवडेच्या आठवडे डोकं खाणाऱ्या चुका मात्र वेगळ्याच जागी असतात: तारीख कुठल्या घड्याळाची, शून्य म्हणजे खरंच शून्य की माहिती नाही, 'सांताक्रुझ' नेमकं कसं लिहायचं. म्हणून इथे कोडच्या आधी नोंद घेऊ, आणि मानकं जिथे लागतील तिथेच आणू.

उदाहरण मुंबईच्या पावसाचं. हवामान खात्याच्या शहरात दोन मुख्य वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रुझ. २००५ सालच्या २६ जुलैच्या पावसात सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली, त्याच काळात कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. आपण एक सर्व्हिस बांधतोय असं धरू: केंद्र आणि दिवस सांगा, पाऊस मिळवा. सर्व्हिस काल्पनिक, आकडे खरे.

पायरी १: नोंदीचा अर्थ कागदावर लिहा

'२६ जुलैचा पाऊस' हे माणसाला पुरतं. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे ९४४ हा आकडा २६ जुलै सकाळी ८:३० ते २७ जुलै सकाळी ८:३० या वेळेचा आहे. तो २६ तारखेखाली टाकायचा की २७ तारखेखाली? तुम्ही एक ठरवलंत आणि समोरच्याने दुसरं, तर दोघांचेही प्रोग्राम न कुरकुरता चालतील आणि सगळा तक्ता एका दिवसाने सरकलेला असेल. कुठेही एरर येणार नाही. यावर उपाय एकच: 'तारीख' असा एकटा रकाना ठेवू नका. 'सुरुवात' आणि 'शेवट' असे दोन रकाने ठेवा, दोन्हींत पूर्ण वेळ.

एकक रकान्याच्या नावातच घाला. नुसतं 'पाऊस' नको, 'पाऊस_मिमी' हवं. 'वजन', 'अंतर', 'रक्कम' अशा प्रत्येक रकान्याला हा नियम लावा. रक्कम असेल तर रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात पाठवा, १२५.५० रुपयांऐवजी १२५५० पैसे. दशांशाचे आकडे संगणकात द्विमान पद्धतीने साठतात, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, आणि हजारो बिलांच्या बेरजेत तो फरक वर येतो.

पाऊस पडलाच नाही तर ० पाठवा. यंत्र बंद पडलं म्हणून नोंदच नाही, तर 'नल' (म्हणजे रिकामी किंमत) पाठवा आणि सोबत 'स्थिती' या रकान्यात कारण. रकाना गाळून टाकणं हा तिसरा प्रकार. तो टाळा, कारण गाळलेल्या रकान्याला अनेक लायब्ररी आपणहून ० धरतात. पूर आला त्या दिवशी यंत्र बंद पडलं आणि तक्त्यात कोरडा दिवस दिसला, तर त्या तक्त्यावरून निर्णय घेणाऱ्याचं खरं नुकसान होतं.

आता ओळख. नाव ही ओळख धरू नका. सांताक्रुझ, सांताक्रूझ, सांताक्रुज अशी तिन्ही रूपं कागदपत्रांत सापडतात. १९९५ साली शहराचंच नाव अधिकृतपणे बदललं. जागतिक हवामान संघटनेच्या क्रमांकांत सांताक्रुझ ४३००३ आहे आणि कुलाबा ४३०५७. हे क्रमांक ओळख म्हणून वापरा, पण संख्या म्हणून साठवू नका, स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून साठवा. नॉर्वेच्या केंद्रांचे क्रमांक ०१ ने सुरू होतात. संख्या केलीत की पुढचं शून्य गेलं. मोठ्या क्रमांकांचा त्रास आणखी वेगळा: जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक खात्रीने अचूक राहत नाहीत, त्यामुळे १८ अंकी व्यवहार क्रमांक संख्या म्हणून पाठवलात तर शेवटचे अंक बदलून पोचू शकतात.

पायरी २: पत्ता आणि क्रिया ठरवा

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचना मांडली. रेस्ट ही पद्धत आहे, तिचा वेगळा मानक-दस्तऐवज नाही. ज्याचं मानक आहे ते एचटीटीपी, म्हणजे वेबवर विनंती आणि उत्तर पाठवायचे नियम, आणि त्याचा सध्याचा मूळ दस्तऐवज म्हणजे २०२२ चा आरएफसी ९११० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). 'हे रेस्टमध्ये बसतं का' यावर वाद घालण्यापेक्षा तो दस्तऐवज उघडून पाहणं केव्हाही बरं.

पत्त्यात वस्तू लिहा, क्रिया नको. 'केंद्र / ४३००३ / नोंदी' हा पत्ता चांगला. 'पाऊस-आणा' किंवा 'नोंद-पुसा' असे पत्ते करू नका. क्रिया एचटीटीपीच्या पद्धतीतून येते. गेट म्हणजे वाचणं, त्याने सर्व्हरवर काही बदलता कामा नये. पुट म्हणजे त्या पत्त्यावर ही नोंद ठेवणं. दहा वेळा पाठवलं तरी नोंद एकच राहते. डिलीटचंही तसंच. पोस्ट मात्र दोनदा पाठवलं तर दोन नोंदी होऊ शकतात.

हा फरक नेटवर्क तुटलं की कळतो. क्लायंटने, म्हणजे विचारणाऱ्या प्रोग्रामने, नोंद पाठवली, सर्व्हरने ती साठवली, आणि उत्तर परत येताना कनेक्शन गेलं. क्लायंटला वाटतं पोचलं नाही. तो पुन्हा पाठवतो. पोस्ट असेल तर दोन नोंदी आणि पाऊस दुप्पट. केंद्र आणि शेवटची वेळ मिळून नोंदीचा पत्ता केलात आणि पुट वापरलंत, तर दुसऱ्यांदा पाठवल्याने काही बिघडत नाही. पैशांच्या व्यवहारासारखं काम पोस्टनेच करायचं असेल तर क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी खूण तयार करून हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) द्यावी, आणि तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हरने नवं काम न करता आधीचंच उत्तर द्यावं.

पायरी ३: मजकूर, अंक, वेळ

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे घाई करू नये. इंग्रजी मजकुरावर चाचणी केलेली सर्व्हिस नेमकी इथेच मोडते.

जेसन म्हणजे रकान्याचं नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायचा साचा. त्याचा सध्याचा इंटरनेट-मानक दस्तऐवज २०१७ चा आरएफसी ८२५९. वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये फिरणारं जेसन यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं बाइटांत बदलायच्या पद्धतीत) असलं पाहिजे, असं तो सांगतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मुंबई' मध्ये म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. 'सांताक्रुझ' मध्ये दहा चिन्हं, ३० बाइट. डेटाबेसचा रकाना २० बाइटांचा ठेवलात तर हे नाव मधेच कापलं जाईल. 'कंटेंट-लेंग्थ' हेडर हाताने भरत असाल तर त्यात बाइट मोजायचे असतात. चिन्हं मोजून भरलात की समोरचा तेवढेच बाइट वाचतो आणि 'जेसन अपुरं आहे' म्हणतो. इंग्रजी चाचणीत दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणून ही चूक लपून राहते.

मजकूर बिघडलाय हे दिसल्यावर तो कसा बिघडलाय ते नीट पाहा. एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र युरोपीय चिन्हं दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत आणि वाचणारा ते चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय. दुरुस्ती वाचण्याच्या बाजूला करा. सगळीकडे प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर लिहितानाच गेला, तो परत मिळणार नाही. डेटाबेसचं आणि कनेक्शनचं एन्कोडिंग तपासा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली माहिती असेल तर ती युनिकोड नाहीच. ती आधी कन्व्हर्टरमधून काढा, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, मगच सर्व्हिसच्या दारात आणा.

'वऱ्हाड' किंवा 'दुसऱ्या' मधला ऱ दिसायला एकच, पण तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह, र आणि नुक्ता अशी जोडी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे, तुलनेत तिन्ही वेगळे. मजकूर आत घेतानाच युनिकोडच्या 'एनएफसी' रूपात आणा. पहिले दोन प्रकार त्याने एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. शोध लागत नाही अशी तक्रार आली की हे आधी तपासा.

अंकांचंही भान ठेवा. जेसनच्या संख्येत ० ते ९ हे इंग्रजी अंकच चालतात; ९४४ देवनागरीत लिहून संख्या म्हणून पाठवलीत तर पार्सर नाकारतो. तेच स्ट्रिंग म्हणून आलं तर पायथनचं 'इंट' ते मुकाट्याने स्वीकारतं आणि जावास्क्रिप्टचं 'नंबर' 'संख्या नाही' असं उत्तर देतं. मराठी कीबोर्डवरून मोबाइल क्रमांक देवनागरीत भरणारे लोक आहेत. त्यांना अडवू नका. अंक दारातच बदलून घ्या आणि आतल्या सगळ्या कोडला एकाच प्रकारचे अंक मिळू द्या.

वेळ आरएफसी ३३३९ प्रमाणे लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे 'टी', मग तास-मिनिटं-सेकंद, आणि शेवटी +०५:३०. शेवटचा भाग कधीही गाळू नका. ०४/०७ असं लिहिलेलं ४ जुलै की ७ एप्रिल, हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि ते आपल्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता मुंबईत केलेलं बिल यूटीसीत ३१ मार्चला रात्री साडेआठचं असतं. नुसती तारीख कापून घेतलीत की ते बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलं.

आणि याच वेळेतला एक खड्डा: पत्त्याच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकचं चिन्ह बहुतेक सर्व्हर रिकामी जागा म्हणून वाचतात. +०५:३० तसंच पाठवलंत तर वेळ चुकीची ठरते. अधिकच्या जागी टक्केचिन्ह आणि २बी लिहावं लागतं. देवनागरी अक्षरांचंही तेच: 'म' चे तीन बाइट ई०, ए४, एई, प्रत्येकापुढे टक्केचिन्ह. म्हणजे पत्त्यात 'मुंबई' ४५ अक्षरांचा होतो. हे हाताने करू नका, भाषेत तयार फंक्शन असतं. पण एकदाच वापरा. टक्क्यापुढे जागोजागी २५ दिसायला लागलं, तर दोनदा एन्कोड झालंय.

पायरी ४: उत्तराचा कोड खरा द्या

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी कोड जातो. काम झालं तर २००. नवी नोंद तयार झाली तर २०१ आणि 'लोकेशन' हेडरमध्ये तिचा पत्ता. विनंती चुकीची, तर ४००. तुम्ही कोण ते कळलं नाही, तर ४०१. कळलं पण परवानगी नाही, तर ४०३. या दोघांत गल्लत केलीत तर क्लायंट विनाकारण पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसतो. नोंद नाही, तर ४०४. फार विनंत्या आल्या, तर ४२९ आणि 'रिट्राय-आफ्टर' मध्ये किती सेकंद थांबायचं ते. चूक सर्व्हरची, तर ५०० च्या घरातला कोड.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे २०० देऊन आत 'एरर' लिहिणं. मधले प्रॉक्सी, कॅश, देखरेखीची साधनं फक्त कोड पाहतात. त्यांना सगळं आलबेल दिसतं. चूक झाली तर तिचा तपशील कसा द्यायचा याचंही मानक आहे, २०२३ चा आरएफसी ९४५७: प्रकार, शीर्षक, कोड, तपशील आणि त्या घटनेची ओळख. तपशिलात 'काहीतरी चुकलं' नको. 'शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची आहे' असं लिहा, म्हणजे पलीकडच्या माणसाला तुम्हाला फोन करावा लागणार नाही.

पायरी ५: वर्णनाची फाइल

वर ठरवलेलं सगळं ओपनएपीआयच्या फाइलमध्ये लिहा. हे मानक आधी स्वॅगर नावाने ओळखलं जायचं. फाइलमधून माहितीपान, चाचण्या, क्लायंटचा कोड असं बरंच आपोआप तयार होतं. फाइल आधी, कोड नंतर असा क्रम ठेवा, आणि प्रत्येक रकान्याला खरं उदाहरण द्या. 'स्ट्रिंग' असं उदाहरण कुणाच्याच कामाचं नाही.

पायरी ६: कॉल करून पाहा, मग तोडून पाहा

पहिला कॉल ब्राउझरमधून नको, कर्लमधून (कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनातून) करा, आणि हेडर दाखवणारा पर्याय चालू ठेवा. 'ॲक्सेप्ट' मध्ये तुम्हाला काय हवंय, 'कंटेंट-टाइप' मध्ये तुम्ही काय पाठवताय. ४१५ आला तर बहुतेक वेळा दुसरा हेडर राहिलेला असतो. कर्लवर चालतं आणि ब्राउझरमध्ये चालत नाही, तर तो बहुधा कॉर्सचा प्रश्न: दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू द्यायचं की नाही हे ब्राउझर सर्व्हरच्या हेडरवरून ठरवतो. परवानगी सर्व्हरवर द्यायची असते, पानाच्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

प्रत्येक कॉलला टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, लावा. कनेक्शनला ३ सेकंद, उत्तराला १० सेकंद, हे सुरुवातीला पुरेसं. काही लायब्ररींत मुळात मर्यादाच नसते. एक सर्व्हिस अडकली की तिची वाट पाहणाऱ्या सगळ्या अडकतात. पुन्हा प्रयत्न करताना १, २, ४, ८ सेकंद अशी वाट वाढवत न्या आणि तिच्यात थोडी यादृच्छिक वेळ मिसळा, नाहीतर मुसळधार पावसाच्या दिवशी सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा पाडतील. ४०० किंवा ४०३ वर पुन्हा प्रयत्न करू नका. तीच विनंती तेच उत्तर देणार.

पायरी ७: कुलूप

एचटीटीपीएस शिवाय काहीही उघडू नका, आणि त्यातली जोडणी गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसच्या १.२ च्या खालच्या आवृत्त्या बंद ठेवा. प्रमाणपत्र संपायची तारीख देखरेखीत घाला. चाचणीसाठी प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी एक ओळ कोडमध्ये टाकली जाते आणि ती तशीच पुढे जाते. ती ओळ टाकूच नका. एपीआय-की (सर्व्हिस वापरायची गुप्त किल्ली) पत्त्यात लिहू नका, कारण पत्ते लॉगमध्ये उमटतात. ती हेडरमध्ये द्या. वापरकर्त्याच्या वतीने दुसऱ्या ॲपला प्रवेश द्यायचा असेल तर ओऑथ २.० वापरा, स्वतःची पद्धत शोधू नका.

मुंबईत नोकरी करणार असाल तर सोप चुकत नाही

सोप म्हणजे एक्सएमएलमध्ये (नावाच्या खुणांमध्ये माहिती गुंडाळणाऱ्या साच्यात) संदेश पाठवायची वेब सर्व्हिसची जुनी पद्धत. बँका, विमा, दलाल यांच्या यंत्रणांत आजही एक्सएमएल भरपूर आहे. रिझर्व्ह बँकेची २०१३ मध्ये आलेली नवी आरटीजीएस आयएसओ २००२२ या आर्थिक संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकावर उभी आहे; बीकेसीतून चालणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआयचे संदेशही एक्सएमएलमध्ये जातात. ते सोप नव्हे, पण एक्सएमएलची शिस्त तीच. आणि जुन्या कोअर यंत्रणांशी बोलताना सोप समोर येतंच.

सोपचा संदेश म्हणजे एन्व्हलप, त्यात ऐच्छिक हेडर आणि बॉडी. चूक झाली तर बॉडीत फॉल्ट. सेवेचं वर्णन डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये असतं. पहिलं काम: ती फाइल आणि तिने आत बोलावलेल्या सगळ्या स्कीमा फाइली (संदेशाचा साचा सांगणाऱ्या) आपल्याकडे उतरवून घ्या, आणि सोपयूआय या चाचणीच्या साधनात उघडून एक नमुना विनंती पाठवा. ती चालल्याशिवाय कोड लिहू नका.

दुसरं, आवृत्ती ओळखा. १.१ ही २००० सालची, १.२ ही २००३ ची. १.१ मध्ये 'टेक्स्ट/एक्सएमएल' आणि वेगळा 'सोपॲक्शन' हेडर, १.२ मध्ये 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल'. एन्व्हलपचा नेमस्पेस (त्यातली नावं कुठल्या आवृत्तीची ते सांगणारी खूण) पत्त्यासारखा दिसतो, पण तो अक्षर न् अक्षर जुळवायचा मजकूर आहे: १.१ च्या शेवटी तिरकी रेघ आहे, १.२ च्या शेवटी नाही. एवढ्यावरून 'व्हर्जन-मिसमॅच' येतो. १.१ मध्ये फॉल्ट आला की एचटीटीपी कोड ५०० असतो, तुमची विनंती चुकली असली तरीही. म्हणून ५०० पाहून थांबू नका, बॉडी वाचा.

तिसरं, सही. संदेशावर डिजिटल सही झाल्यानंतर कुणी तो वाचायला सोपा व्हावा म्हणून ओळी आणि मोकळ्या जागा घातल्या, तर सही मोडते, कारण रिकाम्या जागाही मजकुरातच मोजल्या जातात. लॉग छापताना प्रत सुंदर करा, मूळ बाइटांना हात लावू नका. सुरक्षा-हेडरमध्ये तयार झाल्याची आणि संपण्याची वेळ असते; तुमच्या सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं चुकलेलं असेल तर बरोबर सही असूनही संदेश परत येतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे ना, ते आधी पाहा.

बदल करताना

नवा ऐच्छिक रकाना घालणं सहसा सुरक्षित. रकान्याचं नाव, एकक किंवा अर्थ बदलणं, ऐच्छिक रकाना सक्तीचा करणं, हे सगळं मोडणारं. पाऊस मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये द्यायचा ठरलं तर जुना रकाना तसाच ठेवून नवा शेजारी द्या, किंवा पत्त्यात नवी आवृत्ती काढा. जुनी आवृत्ती बंद करायची तारीख २०१९ च्या आरएफसी ८५९४ मधल्या 'सनसेट' हेडरने प्रत्येक उत्तरासोबत जाऊ द्या, आणि लॉगमधून अजून कोण जुन्या पत्त्यावर येतंय ते काढून त्यांना स्वतः कळवा. बंद करण्याचा दिवस जून ते सप्टेंबर या काळात ठेवू नका. पावसाची सर्व्हिस ऐन पावसाळ्यात कुणाचीही तुटता कामा नये.